गळ्यातली नळी

खोटं बोलू नका, डॉक्टर. तुम्ही तिच्या दंडाला कधीच हात लावला नाही. पाऱ्याचं यंत्र उघडून टेबलावर ठेवलंत, पट्टा फूटपट्टीच्या टोकानं तिच्याकडं सरकवलात आणि ‘गुंडाळ’ म्हणालात. तिनं पोलक्याच्या बाहीवरूनच, एका हातानं जमेल तसा तो गुंडाळला. तुम्ही खिडकीबाहेर बघत रबरी फुगा दाबलात, फुस्सकन हवा सोडलीत आणि म्हणालात, ‘नॉर्मल.’ नळी तुमच्या गळ्यातच लोंबत होती. सरकारनं तुम्हाला शिकवलं, खुर्ची दिली, डोक्यावर पंखा दिला. आणि पोटुशी बाई समोर येऊन बसली तेव्हा तुम्ही तिला एक इंग्रजी शब्द देऊन वाटेला लावलंत.

माधुरीला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. प्रेशर असंच बघतात, असं तिला वाटायचं. तिचं माहेर पाथर्डीकडच्या डोंगराखालचं. तिथं डॉक्टर म्हणजे बाजाराच्या दिवशी फटफटीवरून येणारा आणि समोर येईल त्याला सुई टोचून जाणारा माणूस. इथं निदान सरकारी दवाखाना होता, त्याला दार होतं, दारावर पाटी होती. तिला कळत होतं ते एवढंच की डोकं कुणीतरी उखळात घालून कांडतंय. पायातली जोडवी बोटांत अशी रुतली होती की तिच्या नवऱ्यानं, सम्राटनं साबण लावला, दोरा गुंडाळला, शेवटी दातओठ खाल्ले, तरी ती निघाली नव्हती.

आणि अंगणात जीप उभी होती.

जीप तिच्या आईनं आणली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नेम मोडायला राहीबाई तयार नव्हती. भावकीतल्या कुणाची तरी कमांडर जीप मागून घेऊन, मागच्या सीटवर गोधडी अंथरून ती सकाळीच निघाली होती आणि ऐन जेवणाच्या वेळेला नेवाशाजवळच्या या वस्तीवर येऊन थडकली होती.

“घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं,” भिमाबाई जीपकडं बघत पुटपुटली. भिमाबाई म्हणजे माधुरीची आजेसासू. दात जात चालले होते, पण जीभ शाबूत होती.

“ऐकलं बरं का मी, आजीबाई,” राहीबाई म्हणाली. “घोडं न्हाई, जीप हाय. आन मी काय खायला आले न्हाई. माझी पोरगी न्यायला आलेय. इवाई, बघा तरी तिच्या तोंडाकडं! पुरीवानी फुगलंय.”

माधुरीचे सासरे भाऊसाहेब गुरुजी वर्तमानपत्राची घडी घालत उठले. “फुगलं कुठं? भरलंय. डॉक्टरांनी गुरुवारीच बघितलंय. प्रेशर नॉर्मल. ह्या दिवसांत जीपमधनं डोंगरात हिसके देत न्यायचं म्हणजे अडाणीपना झाला.”

“मंग तिचे पाय बघा.”

“पहिलटकरनीचे पाय सुजत्यातच,” भिमाबाई खाटेवरून म्हणाली. “अख्खा गाव ह्या हातांवर पडलाय. मला नका शिकवू.”

“आई, तू गप बस. तुझ्या हातांवर काय काय पडलं ते मला ठाऊक हाय.”

भाऊसाहेब हे मोठ्यानं बोलले नव्हते, पण चुलीपुढं बसलेल्या सम्राटनं मान खाली घातली. त्याची आई त्याच्या पाठच्या बाळंतपणात गेली होती, ह्याच घरात, भिमाबाईच्या हाताखाली, झटके येऊन. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या दिवसापासून भिमाबाई आणि गुरुजी, दोघं मायलेक एका घरात राहत होते, एका पातेल्यातली भाजी वाढून घेत होते, पण बाळंतपण हा शब्द निघाला की दोघांच्या मध्ये ती मेलेली बाई येऊन बसायची.

म्हणून तर गुरुजींचा डॉक्टरवर एवढा भरवसा. त्यांच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा नव्हता, दाराला लिंबू-मिरची नव्हती. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. नामांतराच्या सत्याग्रहात हा माणूस लाठ्या खाऊन, तुरुंगात राहून आला होता, आणि विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी त्यानं साऱ्या शाळेला साखर वाटली होती. त्याची श्रद्धा होती ती शिकलेल्या माणसावर. शिकला तो सुधारला, हे त्यानं आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलं होतं आणि पोरांपेक्षा जास्त स्वतःच पाठ केलं होतं.

“मामा,” माधुरी म्हणाली, “माझं डोकं लई दुखतंय.”

“ऊन किती हाय बघ बाहेर.”

“डोळ्यांपुढं काहीतरी चमकतंय सारखं.”

“तुझी झोप झाली न्हाई,” सम्राट म्हणाला.

“पित्त आसंल,” राहीबाई म्हणाली. “घरी चल, आपली सखूबाई सुईण पोटाला तेल लावती, लगेच बरं वाटंल.”

“तेल मीबी लावती की,” भिमाबाईनं चटकन म्हटलं.

माधुरीनं डोळे मिटले. मिटल्यावरही चमकतच होतं. तिला खदखदून राग आला, पण राग कुणावर काढायचा हेच कळेना, कारण सगळीच माणसं तिच्या भल्याचं बोलत होती. ह्या घरात ज्याच्या-त्याच्याजवळ एकेक भरवशाचं माणूस होतं. सासऱ्याला डॉक्टर, आईला सखूबाई, आजीला तिचे स्वतःचे दोन हात. नवऱ्याचं तर काय, जो शेवटी बोलेल तो खरा. डोकं मात्र माधुरीचं दुखत होतं, आणि त्या डोक्याला काय होतंय हे तिलाच सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात अंगणातून हाक आली, “हाय का कोन घरात?”

गोजरबाई. मच्छिंद्र पाटलाची बायको. पाटलाचं वावर आणि गुरुजींचं वावर एका बांधावर, त्यामुळं येणं-जाणं होतं. येणं म्हणजे ओट्यापर्यंत. ती ओट्यावर टेकली, पदरानं वारा घेतला आणि हातातला पुडा पुढं केला.

“पेढे हायती. आमची सून रेश्मी बाळंत झाली नगरला. मुलगी झाली, पन मी म्हनलं पेढेच वाटायचे. जीव वाचला दोघींचा, मुलगी काय आन मुलगा काय.”

“जीव वाचला म्हंजे?” राहीबाईनं विचारलं.

“चहा टाक गं,” गुरुजी आत बघून म्हणाले.

“नको नको, आत्ताच पिऊन आले,” गोजरबाई नेहमीसारखी म्हणाली. “अवो, जीव वाचला म्हंजे काय सांगू! ह्या माधुरीबरुबरच जायची की रेश्मी दवाखान्यात, एकाच दिवशी. तशीच सुजली हुती, तसंच डोकं. तर डाक्टरनं तिला टेबलावर आडवं केलं, बाही पार खांद्यापर्यंत वर करायला लावली, आन स्वतःच्या हातानं पट्टा असा आवळून बांधला. मी शेजारीच हुते. मंग ती नळी अस्ती ना गळ्यातली, तिचं टोक हितं कोपराच्या वळीत लावलं. गार लागलं तशी रेश्मी कशी दचकली! मी हसले. तर डाक्टर मला म्हनला, हसू नका, गप ऱ्हा, मला ऐकू येऊ द्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मंग म्हनला, आज्याबात घरी न्यायची न्हाई, सरळ नगर. आमच्या पोरानं, आदिनाथनं तसाच टेम्पो काढला. नगरचा डाक्टर म्हनला, एक दिवस उशीर झाला असता तर दोघीबी हाताला लागल्या नसत्या. लई चांगला मानूस बाई आपला डाक्टर. देवमानूस.”

ती थांबली. तिला वाटलं होतं, सगळी ‘बरं झालं, बरं झालं’ म्हणतील. पण पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच पडला होता.

“नळी लावली,” भाऊसाहेब म्हणाले.

“व्हय.”

“कोपराला.”

“व्हय की. त्याबिगर कसं कळंल?”

भाऊसाहेब सावकाश मागं वळले. “माधुरी, तुला नळी लावली हुती का?”

“नळी? त्यांच्या गळ्यात असती ती?” माधुरीनं विचारलं. “न्हाई. कधीच न्हाई.”

“पट्टा कुनी बांधला?”

“मीच. ते फूटपट्टीनं सरकवत्यात. पोलक्यावरनंच बांधायचा.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”

“मग तू मला सांगितलं का न्हाई?”

इतका वेळ आवरून धरलेलं माधुरीच्या तोंडून निसटलं. “सांगितलं हुतं, मामा! पहिल्याच वेळी फूटपट्टीचं सांगितलं. तुमी म्हनला, डॉक्टरला आपन शिकवायचं नसतं. तुमी म्हनला, आपल्या लोकांना उगाच प्रत्येक गोष्टीत तसलं दिसतं, आता काळ बदलला. मग मी गप बसले.”

गुरुजींनी ओट्याच्या खांबाला हात टेकवला. लाठी बसली तेव्हाही हा माणूस एवढा वाकला नसेल. काळ बदलला, हे त्यांचंच वाक्य होतं. किती सभांमध्ये बोलून टाळ्या घेतल्या होत्या त्यावर!

भिमाबाई खाटेवरून उठली. भिंतीला धरत दारापर्यंत आली.

“गोजरे,” ती म्हणाली, “तुझा मालक कुनाच्या हातावर पडला, ठाव हाय का?”

“तुमच्याच की, भिमाबाई. सासूबाई सांगायच्या.”

“मागल्या दारानं बोलवायच्या मला. रातंदिवस बसवायच्या. पोर आडवं आलं तर ह्या हातानं आतमदी जाऊन सरळ करायचं. तवा न्हाई इटाळ झाला माझ्या हाताचा. नाळ कापून झाली की मंग व्हायचा. मी निघाले की उंबऱ्यावर गोमूत्र शिपडायच्या. मला ऐकू यायचं ते शिपडलेलं. बाबासाहेबांनी सांगितलं, आसली कामं टाका, तवा मी ते टाकलं. मरू द्या म्हनलं, माझा हात का तुमच्या दारचा झाडू हाय! आन आता माझ्या नातसुनेची पाळी आली तर तुमच्या जातीच्या डाक्टरचा हात हिला लागंना व्हय?”

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी काय केलं भिमाबाई?”

“तू काय न्हाई केलं. तू बोललीस त्ये बरं केलं.” मग ती माधुरीकडं वळली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. “डोळ्यापुढं काय चमकतंय म्हनलीस?”

“काजव्यावानी. मधीच काळं, मधीच चकचकीत.”

सम्राटच्या आईनंही झटक्याआधी हेच सांगितलं होतं. भिमाबाई मुलाकडं बघत राहिली. मुलगा तिच्याकडं. मग तिनं दाराआडच्या चपला पायानं चाचपल्या, काठी हातात घेतली आणि म्हणाली, “गाडी काढा.”

आता जीप सरळ नगरला निघायला हवी होती. अगदी मूर्ख माणसालाही हे कळलं असतं. पण हे चळवळीचं घर होतं. ह्या घरात जखम दिसली की मलमाच्या आधी घोषणा सुचायची.

“आत्ताच्या आत्ता जाब विचारायचा,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा सभेतला झाला होता. “सम्राट, समाजमंदिरात पोरं असतील, बोलवून घे.”

आणि सम्राट, ज्याला साखर कारखान्याच्या वर्कशॉपात दिवसभर पाना फिरवताना कुणी काही विचारत नसे, त्याला एकदम काम मिळालं. तो पळाला. बघता बघता अंगणात पोरं जमली, कुणी निळा झेंडा आणला, कुणी दोन मोटारसायकली. जीपच्या मागच्या सीटवर, राहीबाईनं लेकीसाठी अंथरलेल्या गोधडीवर, पाच-सहा जण दाटीवाटीनं बसले.

“आरं ए!” राहीबाई ओरडली. “उठा! ही जीप मी बाळंतिणीला आनलीय का मोर्चाला?”

“मावशे, बाळंतिणीसाठीच चाललोय ना,” एक जण म्हणाला.

“मंग तिला कुठं बसवू, तुझ्या डोक्यावर?”

शेवटी माधुरीला पुढं बसवलं, एका बाजूला आई, एका बाजूला आजेसासू. ती म्हणाली, “मामा, आधी नगरला जाऊ. मोर्चा नंतर काढा.” भाऊसाहेब खिडकीत वाकून म्हणाले, “पोरी, रस्त्यातच हाय दवाखाना. पाच मिनिटांचं काम. त्याला सोडून चालायचं न्हाई.” पाच मिनिटांचं काम! ज्या लढ्याला ह्या माणसाची हयात गेली, तो आज पाच मिनिटांत मिटणार होता.

दवाखान्यात डॉक्टर हात धुऊन निघायच्या बेतात होता. स्कूटरची किल्ली हातात होती. एवढी माणसं, झेंडा आणि सर्वांत पुढं गुरुजी, हे बघून तो पुन्हा खुर्चीत बसला.

“या गुरुजी. काय झालं?”

“काही न्हाई. आमच्या सुनेचं प्रेशर बघायचंय. माझ्यासमोर बघा.”

डॉक्टरनं सगळ्यांच्या तोंडांकडं पाहिलं. त्याला कळलं. त्यानं पट्टा उचलला, ह्या वेळी हातानं. उठून टेबलाला वळसा घालून आला. माधुरीची बाही वर करताना त्याची बोटं तिच्या कातडीला लागली; ती थंड होती. तिच्या मनात आलं, एवढंच होतं? एवढ्याशाला ह्याला इतके महिने जड गेलं? पट्टा आवळला. दंडाला मुंग्या आल्या. नळीचं टोक कोपराच्या वळीत टेकलं, आणि रेश्मीसारखी तीही दचकली.

डॉक्टर पाऱ्याकडं बघत होता. पारा खाली येत होता. त्यानं पुन्हा फुगा दाबला. पुन्हा मोजलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला.

“पापणी खाली ओढतो,” तो म्हणाला. पापणी बघितली. वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथं खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत पडावा तसा. जोडव्यांकडं बघून तो म्हणाला, “ही आधी कापून काढायला पाहिजेत.” मग सरळ उभा राहिला.

“वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे वीस. गुरुजी, हिला नगरला न्या. आत्ता. रस्त्यात झटका येऊ शकतो. मी एक इंजेक्शन देतो, चिठ्ठी देतो.”

झटका हा शब्द ऐकून भिमाबाई बाकावर बसली.

“एकशे ऐंशी?” सम्राट पुढं सरकला. “गुरुवारी नॉर्मल आन आज एकशे ऐंशी? एवढ्यात कसं वाढलं?”

“वाढतं. ह्या आजारात वाढतं.”

“खोटं बोलतोय,” मागून कुणीतरी म्हणालं. “घाबरलाय. वाटेला लावतोय आपल्याला.”

“भ्या दाखवतोय, दादा. बाई नगरला गेली की हा रजेवर. मग धरा कुनाला धरता ते.”

“सुई देऊ देऊ नका हां! काय टोचंल आन काय न्हाई.”

डॉक्टरच्या हातात भरलेली सुई होती. दोन पोरं त्याच्या आणि माधुरीच्या मध्ये उभी राहिली. राहीबाईनं त्यांच्या पाठीत बुक्के घातले, “सरका मुडद्यांनो, सरका!” पण ती हलली नाहीत.

भाऊसाहेबांनी हात वर केला. पोरं गप्प झाली.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “एक तर तुमी गुरुवारी खोटं बोललात, न्हाईतर आत्ता बोलताय. दोन्हीतलं कुठलं?”

“आत्ता खरं बोलतोय.”

“म्हंजे गुरुवारी?”

डॉक्टर माधुरीच्या सुजलेल्या पायांकडं बघू लागला.

“गुरुवारी काय? सगळ्यांसमोर बोला. पाटलाच्या सुनेला नळी लावली आन माझ्या सुनेला का न्हाई लावली? कुठल्या पुस्तकात शिकलात हे?”

“गुरुजी, आधी पेशंटला न्या. हात जोडतो. आपण नंतर बोलू.”

“नंतर!” भाऊसाहेबांच्या मानेची शीर फुगली. “माझ्या आज्यानं नंतर ऐकलं, बापानं नंतर ऐकलं. आता न्हाई. कबूल केल्याबिगर हितनं काही हलनार न्हाई.”

पोरांनी घोषणा दिली. बाहेरच्यांनी ती उचलली. मोटारसायकली दवाखान्याच्या फाटकात आडव्या लावल्या होत्या, डॉक्टर पळू नये म्हणून. त्या मोटारसायकलींच्या आतच जीपही अडकली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

माधुरीनं आधी नवऱ्याकडं पाहिलं. तो घोषणा देत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्याला स्वतःची आई आठवत असेल. पण आठवून तो करत काय होता, तर ओरडत होता. मग तिनं डॉक्टरकडं पाहिलं. ह्या माणसाचा तिला किळस आला होता, आणि आज हाच एक माणूस होता ज्यानं तिचं दुखणं स्वतःच्या हातानं मोजून बघितलं होतं. तो थापा मारत होता तेव्हा सगळं घर त्याच्या पाया पडत होतं. आज त्याच्या तोंडून खरं निघालं, तर ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. ह्याला म्हणायचं तरी काय?

ती उठली. पोरांपैकी एकाच्या छातीवर हात ठेवून तिनं त्याला बाजूला सारलं.

“द्या सुई,” ती डॉक्टरला म्हणाली.

“वहिनी, नका...”

“तुझ्या दंडाला घ्यायची न्हाई. माझ्या घ्यायचीय. सरक.”

सुई टोचली. तिनं चिठ्ठी घेतली, आईच्या हातात दिली आणि भिंतीला धरत बाहेर निघाली. भिमाबाईनं बाकावरून उठून तिचा दुसरा हात धरला. दोघी उन्हात आल्या. पायरी दिसेना तशी माधुरीनं पायानं चाचपली. जीपच्या पुढच्या सीटवर चढताना तिचा पाय घसरला आणि राहीबाईनं मागून तिला उचलून आत लोटलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. फाटकातल्या मोटारसायकली जागच्या हलल्या नाहीत. भिमाबाई हातातल्या काठीनं एका मोटारसायकलीच्या सीटवर मारायला लागली, फटाफट, ज्याची असेल त्यानं यावं म्हणून.

आवाज ऐकून भाऊसाहेब बाहेर आले. जीपच्या समोर येऊन त्यांनी बॉनेटवर पंजा टेकवला.

“पोरी, थोडंच ऱ्हायलंय. तो आता बोलंल. मला माहितीय, तो बोलनार. तू थोडा धीर धर. तुझ्यासाठीच चाललंय हे.”

“मामा, इकडं बघा.”

“एकदा त्यानं कबूल केलं ना...”

“माझ्याकडं बघा, मामा.”

त्यांनी बघितलं. तिचं तोंड सुजून कुणा दुसऱ्याच बाईचं झालं होतं. डोळे उघडे होते, पण ते नेमके त्यांच्यावर लागत नव्हते. ते त्यांच्या थोडं बाजूला, रिकाम्या हवेत बघत होते.

“तुमी मला नीट दिसत न्हाई,” ती म्हणाली. “तुमच्या डोक्याच्या जागी नुसतं पांढरं दिसतंय. मी रडत न्हाई, ओरडत न्हाई, म्हनून तुमाला वाटतंय मला वेळ हाय. मला वेळ न्हाई. तो मानूस पाप्यातला पापी असंल, त्याला उद्या फाडा, परवा फाडा, मी जगले तर तुमच्याबरुबर येऊन मीच त्याला विचारीन. पन आत्ता तुमचा हात माझ्या गाडीवर हाय. तुमाला त्याची कबुली पाहिजे का मी पाहिजे? दोन्ही पाहिजे म्हनू नका. सभेतलं बोलू नका. एकच बोला, मामा. सांगा. कबुली, का मी?”